अकरा मिनिटं निष्क्रिय

धुळे जिल्ह्यातल्या एका आजींची मुलाखत. दीड तासाचं रेकॉर्डिंग, मागे कुठेतरी पाण्याची मोटर चालू, आजी अहिराणीत बोलतायत. ते ऐकून शब्दशः उतरवायचं आणि मग इंग्रजीत आणायचं, असं काम आमच्या टीमकडे आलं होतं. पॉडकास्टचा खर्च ज्या बाहेरच्या कामांतून निघतो, त्यातलंच हे एक. काम करणाऱ्या मैत्रिणीचं आजोळ त्या बाजूचं, पण ती वाढली पुण्यात. अहिराणी तिला बरीचशी कळते, बोलता येत नाही.

आजी कधी 'आंडोर' म्हणत होत्या, कधी 'आंडेर'. उच्चार जरा इकडेतिकडे होतोय असं समजून मैत्रिणीने पहिल्या पाऊण तासात दोन्हीचं 'मुलगा' करून टाकलं होतं. वाक्यंही अशी की क्रियापदावरून काही कळत नव्हतं. मग एका जागी तिला शंका आली. तिने हेडफोन काढले आणि शिरपूरच्या मावशीला फोन लावला. (रेकॉर्डिंग ऐकवलं नाही. तेवढी नीतिमत्ता आम्ही पाळतो. नुसते शब्द विचारले.) मावशीने आधी जेवलीस का विचारलं, मग तिकडे थंडी किती आहे ते विचारलं, आणि मग सांगितलं: आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. दोन वेगळे शब्द. म्हणजे जी हकीगत आम्ही एका मुलाची म्हणून लिहीत होतो, ती अर्धी एका मुलीची होती.

फोन ठेवून ती लॅपटॉपकडे वळली तर स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट उघडलेली. तुम्ही अकरा मिनिटं निष्क्रिय होता. हा वेळ ठेवायचा की काढून टाकायचा?

तिने 'काढून टाका' दाबलं. अठरा पाउंड तासाच्या दराने तीन पाउंड तीस पेन्स. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "अगं, मावशीशी बोलत होते ना, त्याचे पैसे कसे मागायचे?"

या लेखाचा विषय ती चौकट आहे. टाइम ट्रॅकिंगच्या ॲपमध्ये कोणतं घ्यावं, कोणाचा मोफत प्लॅन बरा, याचे लेख हवे तेवढे मिळतील. मला ही ॲप्स वाचायची आहेत, जशी आपण एखादी कादंबरी किंवा सरकारी फॉर्म वाचतो तशी. ती आपल्याला काय विचारतात, काय विचारत नाहीत आणि त्यांनी लिहून घेतलेलं कोण वाचणार असं धरून चालतात, ते बघायचं आहे.

फ्रीलान्सर आणि छोट्या टीम वापरतात त्या सॉफ्टवेअरची ढोबळ दोन घराणी आहेत. पहिल्यात तुम्ही बटण दाबता, काम संपलं की पुन्हा दाबता. टॉगल, हार्वेस्ट, क्लॉकिफाय ही त्यातली नावं. टॉगल एस्टोनियातल्या तालिनमधलं, हार्वेस्ट न्यूयॉर्कमधलं, दोन्ही २००६ ची. हार्वेस्ट एका छोट्या डिझाइन स्टुडिओतून निघालं, ग्राहकाला बिल लावताना तास जुळवायची स्वतःचीच अडचण होती म्हणून. क्लॉकिफाय २०१७ मध्ये सर्बियातून आलं आणि मोफत असल्यामुळे आमच्यासारख्यांत झपाट्याने पसरलं. दुसऱ्या घराण्यात बटण तुम्ही दाबता, पण नोंद यंत्र करतं: स्क्रीनचे फोटो, कीबोर्ड आणि माउसच्या हालचालींची मोजदाद. अपवर्कची वर्क डायरी आणि हबस्टाफ ही तिथली ठळक उदाहरणं.

नेहमीची टीका दुसऱ्या घराण्यावर होते. ती योग्यच आहे, आणि तिकडे येतेच. पण मैत्रिणीची अकरा मिनिटं पहिल्या, सभ्य घराण्यातल्या ॲपने खाल्ली. कोणीही तिच्यावर नजर ठेवून नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने ती पुसली. म्हणून मला आधी सभ्य घराण्याबद्दल बोलायचंय.

टॉगल किंवा क्लॉकिफाय उघडा, सर्वात वर एक रिकामी ओळ असते, ती विचारते की सध्या तुम्ही कशावर काम करताय. उत्तर एकच देता येतं. एका वेळी एक टायमर, एक काम. शेजारी प्रोजेक्ट निवडायचं. प्रोजेक्टच्या डोक्यावर क्लायंट. मग टॅग, आणि टोकाला डॉलरचं एक छोटं चिन्ह. ते पेटलेलं असेल तर वेळ बिलेबल, विझलेलं असेल तर नाही. एवढंच या भाषेचं व्याकरण आहे. यात प्रत्येक मिनिटाला मालक असावा लागतो. ज्याला मालक नाही तो वेळ 'नो प्रोजेक्ट' नावाच्या करड्या पट्टीत जाऊन पडतो, आणि महिनाअखेरच्या रंगीत चक्रात ती करडी फोड बघून आपल्यालाच अपराधी वाटतं.

आता फ्रीलान्स कामाचा प्रत्यक्ष दिवस आठवा. नवीन कामाचा अंदाज देणं, तो देताना तीन वेळा मेल बदलणं, जुन्या बिलाची आठवण करणं, सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर पुन्हा शिकणं, एखादं वाक्य आंघोळ करताना सुचणं. यातलं काहीच एका क्लायंटचं नाही आणि यातलं काहीही नसेल तर क्लायंटचं काम होत नाही. ॲपकडे या सगळ्याला एकच नाव आहे, नॉन-बिलेबल. नावातच नकार. आपल्या शेतकऱ्याने नांगरणीला 'नॉन-कापणी' म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं?

महाराष्ट्रात ज्यांनी एमए, नेट करून वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंय, त्यांना हे व्याकरण नव्याने समजावायला नको. वर्गात उभं राहिल्याचे पैसे, म्हणजे तासिकेचे. त्या तासिकेची तयारी, मुलांच्या शंका, पेपर तपासणं, विभागाची कामं, हे सगळं त्या तासाच्या पोटात आहे असं गृहीत. आमच्या टीममधला एक मित्र दोन वर्षं तसं शिकवून इकडे पीएचडीला आला. ट्रॅकर पहिल्यांदा बघितल्यावर तो म्हणाला, "हे सीएचबीचंच रजिस्टर आहे, फक्त रंग छान आहेत." फरक इतकाच की तिथे रजिस्टर ऑफिसात असतं, इथे ते आपणच भरतो आणि आपणच कापतो.

आपल्या भाषेत कामाच्या मोलाचे दोन शब्द आहेत, आणि मला वाटतं हा सगळा विषय त्या दोन शब्दांत बसतो. रोज आणि उक्तं. रोजावर माणूस लावला की दिवसाचे पैसे. काम किती होईल याची जोखीम शेतमालकाची, म्हणून बांधावर मुकादम उभा. उक्तं दिलं, म्हणजे एवढं रान खुरपायचं, एवढे पैसे, की मुकादमाची गरज संपते. मजूर पहाटे येवोत की दुपारी, गाणी म्हणत खुरपोत की मुकाट. जोखीम त्यांच्याकडे गेली, आणि तिच्याबरोबर वेळेवरची सत्ताही. शहरात याच दोन गोष्टींना आपण अवर्ली आणि फिक्स्ड प्राइस म्हणतो आणि काहीतरी नवीन शोध लावल्यासारखे बोलतो.

रोजावरच्या कामाला मुकादम लागतो, आणि मजूर नऊ हजार किलोमीटरवर असेल तर मुकादमाला बांधावर उभं राहता येत नाही. अपवर्कची वर्क डायरी ही त्या अडचणीची सोडवणूक आहे. तिचा साचा साधा आहे. तासाचे दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे. प्रत्येक तुकड्यात कधीतरी, न सांगता, स्क्रीनचा एक फोटो. सोबत त्या तुकड्यात कळ आणि माउस किती हलले त्याची नोंद. एखाद्या फोटोत खासगी काही आलं तर तो पुसता येतो, पण मग ती दहा मिनिटंही जातात आणि त्यांचे पैसेही. तास हाताने लिहून घालायची सोय ग्राहक ठेवू शकतो, पण त्या हाताने लिहिलेल्या तासांना कंपनीचं पैसे मिळण्याचं संरक्षण नाही. सौदा स्पष्ट आहे: बघू द्याल तर पैसे बुडणार नाहीत. या सौद्यावर नाकं मुरडणं लंडनमध्ये बसून सोपं आहे. परदेशातल्या अनोळखी ग्राहकाने पैसे बुडवले तर दाद कुठे मागणार, हा प्रश्न नाशिकमध्ये बसलेल्या डिझायनरसाठी खरा आहे, आणि वर्क डायरी त्याला काहीतरी उत्तर देते.

माझा आक्षेप उत्तराच्या भाषेवर आहे. हालचाल म्हणजे काम, हे समीकरण टायपिस्टच्या बाबतीतही पूर्ण खरं नव्हतं. भाषांतर करणाऱ्याच्या बाबतीत तर ते उलटं पडतं. जिथे बोटं थांबतात तिथे काम अवघड झालेलं असतं. आंडेर की आंडोर हे ठरवताना कीबोर्डवर काहीच होत नाही. आणि सर्वात वाईट भाग हा, की आपण हे समीकरण शिकतो. मुकादम बघतोय म्हटल्यावर मजूर वाकूनच राहतो, खुरपं तणाला लागो न लागो. सॉफ्टवेअरच्या मुकादमाला फसवायला माउस आपोआप हलवणारी छोटी यंत्रं बाजारात मिळतात. म्हणजे एक यंत्र हलतंय, दुसरं यंत्र ते मोजतंय आणि मध्ये माणूस मोकळा. तो तरी निवांत असेल, अशी आशा.

ही सगळी मोजणी कारखान्यातून आली, टेलरच्या स्टॉपवॉचमधून, असं आपण सरसकट म्हणतो. मीही म्हणायचे. पण फ्रीलान्सरच्या हातातल्या टायमरचा थेट पूर्वज शोधायचा तर कारखान्यापेक्षा वकिलाच्या ऑफिसात जावं लागतं, आणि ती गोष्ट जास्त रंजक आहे, कारण तिच्यात खलनायक नाही.

रेजिनल्ड हेबर स्मिथ हा अमेरिकेतला वकील. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो बोस्टनमध्ये गरिबांना कायद्याची मदत देणारी संस्था चालवत होता. पैसे थोडे, पक्षकार ढीगभर. कोणत्या प्रकरणाला किती खर्च येतो हे कळल्याशिवाय त्या पैशात जास्तीत जास्त लोकांना मदत करता येणार नव्हती, म्हणून त्याने कामाच्या काटेकोर नोंदी ठेवायला सुरुवात केली. १९१९ मध्ये त्याचं 'जस्टिस अँड द पुअर' हे पुस्तक आलं. त्याच वर्षी तो हेल अँड डॉर या वकिली फर्ममध्ये गेला आणि ही सवय बरोबर घेऊन गेला. वकिलाने रोजचा टाइमशीट भरायचा, तासाचे दहा भाग करून, म्हणजे सहा-सहा मिनिटांनी. आज ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये तुम्हाला सहा मिनिटांचं राउंडिंग दिसतं ना, ते तिथलं.

लक्षात घ्या, त्या नोंदीचा वाचक कोण होता. स्मिथ स्वतः आणि त्याचे भागीदार. आपल्याला काम केवढ्याला पडतं, हे आपल्याला कळावं म्हणून. पक्षकाराकडून घ्यायची फी वेगळ्या रीतीने ठरायची. बऱ्याच ठिकाणी वकील संघटनेचं दरपत्रकच असायचं, अमुक कामाला किमान तमुक. म्हणजे उक्तं. १९७५ मध्ये गोल्डफार्ब खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अशी किमान दरपत्रकं स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवली. दरपत्रक गेलं, मग फी कशावर लावायची? टाइमशीट हाताशी होताच. ताशी बिल त्याआधीही पसरत होतं, आता तोच नियम झाला. जी वही मालकाने स्वतःसाठी ठेवली होती, ती गिऱ्हाईकापुढे उघडली गेली. तीच रकाने, तीच सहा मिनिटं, पण वाचक बदलल्याबरोबर वहीचा अर्थ बदलला. खर्च कळण्यासाठी लिहिलेला तास आता विकण्यासाठी लिहिला जाऊ लागला, आणि विकायचा तास माणूस वेगळ्या हाताने लिहितो. कधी फुगवून, कधी माझ्या मैत्रिणीसारखा लाजून.

ट्रॅकरवरची माझी मुख्य तक्रार हीच आहे. त्याला वाचक एकच माहीत आहे, बिल भरणारा. रिपोर्ट उघडा, पीडीएफ करा, लिंक पाठवा, बिलाला जोडा, सगळी बटणं त्याच दिशेने. 'फक्त मला बघायचंय, मागच्या पाच मुलाखतींत एका मिनिटाच्या ऑडिओला मला किती मिनिटं लागली?' असा साधा प्रश्न विचारायचा तर सीएसव्ही उतरवून स्वतः एक्सेलमध्ये बसावं लागतं, कारण काम किती झालं हा रकानाच ॲपमध्ये नाही. वेळ आहे, पैसे आहेत, काम नाही.

टॉगलचं एक मात्र कौतुक. पाळतीच्या सोयी, म्हणजे स्क्रीनशॉट वगैरे, आम्ही देणार नाही असं त्यांनी जाहीरपणे म्हटलंय आणि ते पाळलंय. त्याला आजच्या बाजारात किंमत आहे. पण पाळत नसणं म्हणजे वही तुमची असणं नव्हे.

इथे काही वाचक म्हणतील, मग मोजूच नये. मला हे पटत नाही, आणि परदेशात राहणाऱ्यांनी तर ते पटवून घेऊच नये.

१४ मे २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका स्पॅनिश कामगार संघटनेच्या खटल्यात निकाल दिला. समोर होती डॉइश बँकेची स्पेनमधली कंपनी. कोर्ट म्हणालं, रोज किती तास काम झालं हे मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि कामगाराला बघता येईल अशी व्यवस्था मालकाने ठेवली पाहिजे. नाहीतर कामाच्या तासांची कमाल मर्यादा आणि ओव्हरटाइम हे हक्क कागदावरच राहतात. संघटनेलाच मोजणी हवी होती, आणि बँकेला नको होती! आपल्या डोक्यातलं चित्र बरोबर उलटं. ब्रिटनने पुढे नेमकी हीच जबाबदारी सैल केली. १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी स्पष्ट केलं की प्रत्येकाच्या रोजच्या तासांची नोंद ठेवणं मालकावर बंधनकारक नाही, इतर मार्गाने नियम पाळल्याचं दाखवता आलं तर पुरे. कमी कागदपत्रं म्हणून त्याचं स्वागत झालं. कागद कोणाचे कमी झाले, हे विचारायला हवं.

आणि आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागण्या मांडल्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं. आपण लोखंड्यांचं नाव रविवारसाठी घेतो. मला मात्र ती १५ तारीख जास्त बोलकी वाटते. गिरणीचा भोंगा कामगाराच्या एकेका मिनिटाचा हिशेब मागायचा, आणि मालकाच्या घड्याळाला पगाराची तारीखच नव्हती. कामगारांनी भोंगा फोडा असं म्हटलं नाही. घड्याळ दोन्ही बाजूंना लावा म्हणाले.

आजच्या ट्रॅकरमध्ये हे दुसरं घड्याळ कुठे आहे? माझी मिनिटं सेकंदापर्यंत मोजली जातात. बिल पाठवल्यावर पैसे यायला लागलेले दिवस फार तर 'ओव्हरड्यू' अशा एका लाल शब्दात येतात. ते दिवस मी केलेली वाट पाहणं आहेत, पण त्यांना प्रोजेक्ट नाही. आणि इथे हे सांगून ठेवते, कारण कितीतरी जणांना माहीत नसतं: ब्रिटनमध्ये १९९८ चा उशिरा पैसे देण्याबाबतचा कायदा आहे. कामाच्या करारात वेगळं काही ठरलं नसेल तर ३० दिवसांनंतर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरावर ८ टक्के व्याज मागता येतं, आणि वर ठरावीक भरपाई, हजार पाउंडांच्या खालच्या बिलाला ४० पाउंड. हे व्यवसायाने व्यवसायाला दिलेल्या कामासाठी आहे आणि एकटा फ्रीलान्सर हाही व्यवसायच. (स्टुडंट व्हिसावर असाल तर फ्रीलान्स काम करता येत नाही, आणि सत्र चालू असताना नोकरीही आठवड्याला २० तासांपर्यंतच. ग्रॅज्युएट व्हिसावर स्वतःचं काम करता येतं. हे आधी तपासा, मग ट्रॅकर निवडा.)

आता आमच्या टीमचं, कारण दुसऱ्याच्या ॲपवर लिहायचं आणि स्वतःचं लपवायचं, हे बरं नाही.

आम्ही चौघं. सुरुवातीला पैसे समान वाटायचो. मग कोणाचं काम जास्त, कोणाचं कमी अशी कुजबुज झाली आणि एकाने सुचवलं की ट्रॅकर लावू, म्हणजे भांडणच नको. तीन महिन्यांनी पहिला रिपोर्ट उघडला. चार रंगांचं चक्र. अर्ध्याहून मोठी फोड अहिराणीवाल्या मैत्रिणीची, तिने काढून टाकलेल्या सगळ्या अकरा-अकरा मिनिटांनंतरही. माझी फोड इतकी बारीक की तिच्यावर नावही मावत नव्हतं. मी काय करत होते? मेल, बिलं, संमतीपत्रं, ग्राहकाला समजावणं की दीड तासाचं रेकॉर्डिंग दीड तासात उतरवून होत नाही. बरंचसं बसमध्ये, फोनवर, टायमर न लावता. मला राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली, कारण ट्रॅकर लावायला हो म्हणणाऱ्यांत मी होतेच. चौथ्याचं तर आणखी वेगळं. तो आमच्यात सर्वात वेगाने आणि सर्वात अचूक काम करतो, म्हणून त्याचे तास कमी, म्हणून पैसे कमी. जो रेंगाळला त्याला जास्त. त्याने ग्रुपवर एवढंच लिहिलं, "माझे तास बघून घ्या," आणि पुढचे पाच आठवडे त्याने काम घेतलं नाही.

आम्ही कोणीही खोटं लिहिलं नव्हतं. चक्र बरोबर होतं, आणि त्याच्यावरून पैसे वाटणं चूक होतं.

आता आम्ही उक्तं घेतो. ऑडिओच्या मिनिटाला दर. स्पष्ट मराठी एका दराने, बोली आणि गोंगाट असेल तर वरचा दर. समन्वयाचा ठरावीक हिस्सा आधी बाजूला, तास न विचारता. ट्रॅकर बंद केला नाही, पण प्रत्येकाची वही ज्याच्या त्याच्याकडे. काम संपलं की एकच आकडा सांगायचा, एवढ्या ऑडिओला एवढे तास गेले, म्हणजे पुढचा दर ठरवताना आपण बुडत नाही ना हे कळतं. निष्क्रियतेची चौकट सेटिंगमधून बंद केली. ती बंद करता येते, हे आम्हाला कळायला तीन महिने लागले यात ॲपचा दोष नाही. रिपोर्ट ग्राहकाला पाठवत नाही. एकाने मागितला होता. आम्ही म्हटलं, काम उक्तं आहे, काम बघा.

हे काही स्वर्ग नाही. उक्त्याचं दुखणं शेतावर सगळ्यांना माहीत असतं: घाई होते, तण मुळासकट निघत नाही, वर वर खुरपलं जातं. आमच्याकडेही झालं. दर मिनिटाला आहे म्हटल्यावर शंका आली तरी 'अस्पष्ट' असं कंसात लिहून पुढे जायचा मोह होतो. मावशीला फोन केला काय, न केला काय, पैसे तेवढेच. अकरा मिनिटं आता कोणी पुसत नाही, पण ती खर्च करायलाही कोणी सांगत नाही. म्हणून बिलात एक वेगळी ओळ घातली, 'बोलीभाषा-पडताळणी', प्रत्येक रेकॉर्डिंगमागे ठरावीक रक्कम. फोन करा अथवा ग्रंथालयात जा, ती आधीच धरलेली.

पहिलं असं बिल ज्या ग्राहकाला गेलं त्याने विचारलं, ही ओळ कशाची? मी त्याला आंडोर आणि आंडेर समजावून सांगितलं, चार ओळींत, इंग्रजीत. त्याचं उत्तर आलं की हे त्याला फार महत्त्वाचं वाटलं आणि बिल पुढे पाठवलंय. पैसे आले, बत्तिसाव्या दिवशी.